सात नंबरची टाकी

९ जानेवारी

नकटे,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी भांडण.

तुझा कागद मिळाला. टाइप केलेला, तीन ओळींचा, आणि खाली पेन्सिलनं बारीकशी फुली, सही कुठे करायची ते कळावं म्हणून. बावीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईला फुली मारून जागा दाखवतेस, कमाल आहे तुझी. कागदात म्हटलंय, ‘तळ्यातल्या आणि टाकीतल्या नमुन्यांच्या ट्यूबची अदलाबदल माझ्या निष्काळजीपणामुळे झाली.’ यातली ‘मी’ म्हणजे मी. तुझी थोरली बहीण आणि तुझ्याच प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ.

सही करणार नाही. पत्र इथेच संपवता आलं असतं, पण तू माझा फोन उचलत नाहीस आणि तुझी ईमेल तुझ्याआधी तुझा कारकून वाचतो, म्हणून कागद घेऊन बसले. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ते उघडायची त्याची हिंमत होणार नाही. मागे एकदा त्याला फोनवर चांगला झापलाय मी.

तू सहा तासांवरच्या मोठ्या संस्थेत जाऊन बसलीस आणि तिथून ही प्रयोगशाळा चालवतेस. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळ्या तरी हव्यात. इथे गोगलगायी आहेत. त्यांना हाक ऐकू येत नाही, आणि इथे काय चाललंय ते हल्ली तुलाही ऐकू येत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुझ्या शोधनिबंधात तू लिहिलंस की खालच्या नदीतली चिखलगोगलगाय, बाहेरून आलेली, तांदळाच्या दाण्याएवढी, स्वतःहून चढत डोंगरातल्या थंड तळ्यात पोचली आणि पाहता पाहता थंडीला सरावली. पुरावा म्हणून डीएनए. तळ्यातल्या गोगलगायींच्या डीएनएत एका जागी अकरा अक्षरं कमी आहेत, नदीतल्यांत ती जागच्या जागी आहेत. वाहवा झाली, भाषणं झाली. आणि मग दुसऱ्या संस्थेतल्या कुणा खडूस माणसानं तुझीच जुनी माहिती उकरून विचारलं, की बाई, तुमच्या प्रयोगशाळेतल्या सात नंबरच्या टाकीतल्या गोगलगायींतही हीच अकरा अक्षरं कमी आहेत, ते कसं काय? चांगला प्रश्न आहे. मला तो माणूस आवडला.

त्यावरून चौकशी समिती बसली आणि तुझं उत्तर तयारच होतं. ट्यूब बदलल्या. कुणी? ताईनं.

आता ऐक. मी तळ्याच्या ट्यूबना निळी झाकणं लावते आणि टाकीच्या ट्यूबना पिवळी. दोन्ही रंग एका टेबलावर कधी येत नाहीत. निळ्यांचं काम मंगळवारी, पिवळ्यांचं गुरुवारी, मधल्या बुधवारी मी टेबल दोनदा पुसते. एका वेळी एकच झाकण उघडतं. शिंक आली तर मी खोलीबाहेर जाऊन शिंकते. तू विद्यार्थिनी होतीस तेव्हा यावरून मला किती हसायचीस! आणि बावीस वर्षांची रजिस्टरं कपाटात ओळीनं लावलेली आहेत. त्यांत एक खाडाखोड नाही, एक खोटी खूण नाही. तेव्हा तुझा कागद परत पाठवतेय. फुली खोडून ठेवलीय, कुणा दुसऱ्याला वापरता येईल.

ताई

१७ जानेवारी

नकटे,

कागद पुन्हा आला. या खेपेला कुरियरनं, सोबत कारकुनाची चिठ्ठी: ‘मॅडमनी अगत्यानं कळवलंय.’ तुला अगत्य कधीपासून यायला लागलं?

रविवारी तू आईला फोन केलास. तिला ऐकू कमी येतं म्हणून ती फोन स्पीकरवर लावते, हे तू विसरलीस की मुद्दाम बोललीस ते तुलाच ठाऊक. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. तू म्हणालीस, ‘आई, एका सहीनं ताईचं काय जातंय? तिला कुठे शोधनिबंध लिहायचेत? तिला थोडे शब्द ऐकून घ्यावे लागतील, बस. माझं सगळंच जाईल.’

आई म्हणाली, ‘ते तू तिलाच विचार. मला निरोप पोचवायला ठेवलंय का?’

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, ‘दोघींची खोड एकच. कबूल करायची वेळ आली की दातखीळ बसते.’ मी म्हटलं, मला कबूल करायचं काही नाहीच. तिनं माझ्या हातातली उशीची खोळ घेऊन नव्यानं घडी घातली.

माझं काय जातंय ते सांगते. तुझ्याकडे नाव आहे, खोलीबाहेर पाटी आहे, मागे दोन पदव्या आहेत. माझ्याकडे एवढंच आहे की या हातांतून गेलेली ट्यूब चुकत नाही. लोक मला शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, म्हणू नयेत. पण दुसऱ्या विभागातली माणसं अवघड नमुना असला की माझ्याकडेच घेऊन येतात. ती सही केली की उद्यापासून मला कुणी भांडी घासायलाही देणार नाही. तू म्हणशील, ताई, तुझी निवृत्ती पाच वर्षांवर आलीय. आली असेल! पाच वर्षं मला मान खाली घालून काढायची नाहीत.

समितीला मी कळवलंय की सुनावणी सव्वीस फेब्रुवारीला ठेवा, तोवर मी तळ्यातले नमुने नव्यानं आणून पुन्हा वाचते. ट्यूब बदलल्या असतील तर तळ्यातल्या गोगलगायींत ती अकरा अक्षरं सापडतील, आणि मी तुझ्या कागदावर दोन सह्या करीन. सापडली नाहीत तर कागदाचं काय करायचं ते तू ठरव. घोडामैदान जवळच आहे.

आईला मी या गोगलगायीबद्दल सांगितलं. म्हटलं, हिला नर लागत नाही. एकटी बाई एकटीच्या जिवावर पोरी जन्माला घालते, सगळ्या हुबेहूब आईसारख्या, आणि त्या पोरी पुन्हा तेच करतात. एक गोगलगाय पुरते, दोन वर्षांत तळं भरतं. आई म्हणाली, ‘बरंय की. स्थळं बघायला नकोत.’ तुझ्या लग्नाच्या वेळची तिची दमछाक आठवली असेल. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ती काय उगाच म्हणायची!

ताई

२९ जानेवारी

नकटे,

तळ्यावर जाऊन आले. तू म्हणशील, ताईचे गुडघे, ताईचा दमा. दोन्ही जागेवर आहेत, बरोबरच घेऊन गेले होते.

नवे कोरे गमबूट विकत घेतले, जाळी नवी, चिमटे उकळलेले, पिशव्या बंद पाकिटातल्या. वर नावाडी भेटला, मोठ्या मिशीचा, कमी बोलणारा. नंतर कळलं की तो कमी बोलत नाही, आधी माणूस जोखतो. त्यानं मला दक्षिणेच्या काठाला नेलं आणि वल्हं आडवं धरून म्हणाला, ‘बाई, हे दगड बघा. पूर्वी पाय ठेवला की घसरायचा, एवढं शेवाळ. आता चाटूनपुसून साफ.’

मी म्हटलं, ‘साफ झाले, मग बरंच की.’

‘मासे काय दगड खातील?’

पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. दगड उलटा केला, तर खालची बाजू काळ्या दाण्यांनी भरलेली. एका दगडावर मी शंभरपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. चार काठांवरून दहा-दहा गोगलगायी घेतल्या. प्रत्येक पिशवीवर माझी सही, नावाड्याची सही, तारीख, वेळ. तो सही करताना म्हणाला, ‘एवढ्याशा किड्याला एवढी कागदपत्रं? मला जन्माचा दाखला काढायलाही एवढी लागली नव्हती.’

मग त्यानं विचारलं, ‘ही आली कुठून?’

मी सांगितलं, ‘खालच्या नदीतून चढत आली म्हणतात.’

तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. ‘मधे धबधबा आहे बाई, चाळीस हातांचा. मला चढायला जमत नाही, ही काय दोर लावून चढली?’

तुझा शोधनिबंध मी सहा वेळा वाचलाय. त्यात धबधबा नाही. नकाशात आहे, पण निबंधात नाही.

नौका काठाला लागताना तो म्हणाला की चार वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, तुमच्यासारख्याच दिसायच्या, नाक तेवढं बसकं. घाईत होत्या. नौका टेकायच्या आत पाण्यात उतरल्या, याच जागी. मी पिशव्या पुन्हा मोजल्या. आपल्या पहिल्या पाहणीचा तो दिवस. त्या पाहणीत तळ्यात एकही गोगलगाय सापडली नव्हती, आठवतंय ना?

ताई

६ फेब्रुवारी

नकटे,

चाळीस गोगलगायी वाचून झाल्या. प्रत्येक वेगळी कुटली, धुतली, डीएनए काढला, त्या तुकड्याच्या नकला केल्या आणि यंत्रात चढवल्या. समितीनं दुसऱ्या विभागातली एक बाई साक्षीदार म्हणून बसवली होती. ती तीन दिवस माझ्या शेजारी स्वेटर विणत बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘तुमच्यापेक्षा माझे टाके जास्त चुकले.’ यंत्राच्या पडद्यावर चार अक्षरांच्या रांगा उमटायला लागल्या, तेव्हा तिनंही विणकाम खाली ठेवलं.

अकरा अक्षरं कमी. चाळीसच्या चाळीस गोगलगायींत, त्याच जागी.

म्हणजे ट्यूब बदललेल्या नव्हत्या. मी तेव्हाही बरोबर होते, आत्ताही आहे. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिणार होते, पण तुला लहान अक्षर वाचायला चष्मा लागतो, तेवढा त्रास तुला व्हायला हवा.

मग तळ्यातल्या गोगलगायी सात नंबरच्या टाकीतल्यांसारख्या कशा? कारण त्या सात नंबरच्या टाकीतल्याच आहेत. दुसरा अर्थच निघत नाही. आठव, ती टाकी आपण कशासाठी लावली होती. दर हंगामात पाणी थोडं थोडं गार करायचं आणि बघायचं कोण तगतं. पहिल्या वर्षी टाकीचा तळ रिकाम्या शंखांनी पांढरा झाला होता. दुसऱ्या वर्षी उरल्या सतरा. त्या सतराही एकाच आईच्या पोरी निघाल्या, आणि त्या आईत कधीतरी नक्कल होताना अकरा अक्षरं गळाली होती. बाकीच्या मेल्या, हिची प्रजा वाढली. तू तेव्हा किती नाचली होतीस त्या खोलीत! आपणच तिला थंडी शिकवली नकटे, आणि आपणच तिला नेऊन थंड तळ्यात सोडली. नदीतली साधी गोगलगाय त्या पाण्यात आठवडाभर टिकली नसती.

गोगलगाय चढली नाही. तिला नेलं.

आणि कशातून नेलं ते मी शोधलं. चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. तुझ्या पाहणीच्या आदल्या दुपारी सात नंबरची टाकी धुतली गेली, जोडी क्रमांक दोनचे हिरवे गमबूट घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जोडी तळ्यावर गेली. नेणाऱ्याची सही: तुझी. बुटाच्या तळाच्या खाचेत तांदळाचा एक दाणा मावतो की नाही? तू घाईघाईनं पाण्यात उतरलीस, कुठेच गोगलगाय नाही असं लिहून परत आलीस, आणि तेवढ्यात एक मागे ठेवून आलीस. तिला झाकण असतं, ओलसर जागेत ती आठवडाभर दार लावून बसते. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण मी तुझ्याकडे बघून पुन्हा शिकतेय.

आता तुझ्या कागदाचं काय करायचं सांग. ताईच्या माथी मारायला निघालीस आणि स्वतःचे बूट विसरलीस! तुझा निबंध तसाच राहिला तर लोक म्हणतील गोगलगाय आपणहून चढते, थांबवून उपयोग नाही. मग पुढच्या तळ्यावर जाताना बूट कोण धुणार?

ताई

१० फेब्रुवारी

नकटे,

तुझं पत्र मिळालं. एका ओळीचं, पण हातानं लिहिलेलं. ‘रजिस्टराच्या पानाची नक्कल मागवली; त्या संध्याकाळी ‘बूट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये’ यापुढे बरोबरची खूण आहे आणि ती तुझी आहे. मग गोगलगाय जिवंत कशी राहिली?’

फ्रीझर तेव्हा जुना होता. दाराची रबरी पट्टी सैल होती. वीजही गेली असेल त्या रात्री, सांगता येत नाही. काही गोगलगायी कडक थंडीला टिकतात, असंही असू शकतं, सात नंबरच्या तर टिकतीलच. बघते.

आज जास्त लिहायला वेळ नाही. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय.

ताई

१९ फेब्रुवारी

नकटे,

आईचे डोळे ठीक आहेत. त्या दिवशीही ठीक होते.

फ्रीझरही ठीक होता. वीज गेली नव्हती. सात नंबरच्या असोत की कुठल्या, त्या फ्रीझरमध्ये रात्रभर राहिलेली गोगलगाय जगत नाही, हे मीच तुला दाखवलं होतं पहिल्या वर्षी. तू विचारलंस ते बरोबर विचारलंस, आणि नऊ दिवस मी उत्तर शोधत बसले नव्हते, उत्तर मला चार वर्षं माहीत आहे.

त्या संध्याकाळी तुझ्या नदीच्या नमुन्यांचे दोन खोके आले, बर्फ वितळायला लागलेला. फ्रीझरमध्ये एक तर खोके मावत होते, नाहीतर बूट. मी खोके ठेवले. बूट नळाखाली धरले, ब्रशनं तळ घासले आणि खिडकीपाशी उलटे टांगले. म्हटलं, सकाळपर्यंत वाळतील. खिडकी बंद होती, हवा दमट होती, वाळणार नव्हते. तुला चिठ्ठी लिहून ठेवायची होती की ही जोडी नेऊ नको. ती लिहिली नाही.

आणि मग मी खूण केली. का, ते सांगते, आणि याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. त्या रकान्यात मोकळी जागा मला बघवली नाही. तोवरच्या अठरा वर्षांत एकही रकाना मोकळा नव्हता. खोटी खूण केली, पेन टोपणात घातलं आणि घरी गेले. दोन वर्षांनी तळ्यात गोगलगाय सापडली तेव्हा पहिल्यांदा ती खूण आठवली. मी स्वतःला सांगितलं, नदीतून आली असेल. तुझा निबंध आला, त्यात तेच लिहिलेलं होतं, आणि माझ्याइतका आनंद तुलाही झाला नसेल. ट्यूबच्या बाबतीत मी एवढा आवाज चढवला, कारण तिथे मी स्वच्छ होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नव्यानं नमुने वाचून मी माझंच बिंग बाहेर काढलं.

तू आता म्हणशील, मग झालं तर, चूक तुझीच निघाली, कर सही. नाही करणार! तुझ्या कागदात ट्यूब आहेत. ट्यूब मी बदलल्या नाहीत, आणि समितीनं मला उलटं टांगलं तरी बदलल्या म्हणणार नाही. जे केलं तेच सांगीन. सव्वीसला जाऊन खुणेबद्दल बोलणार आहे, रजिस्टर टेबलावर उघडून. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण माझी बोटं आता दुखायला लागलीयेत.

बूट कोण घालून गेलं ते विचारतील. मी सांगणार नाही. पानावर तुझी सही आहे, ज्याला वाचायचं तो वाचेल. पान फाडलेलं नाही आणि फाडणारही नाही, तेवढी आशा ठेवू नकोस. चुगली मी लहानपणीही केली नव्हती, केली असती तर तुझं बालपण फार वेगळं गेलं असतं. तुझं तू सांग, नाहीतर सांगू नकोस. मी तुझ्यासाठी थांबणार नाही.

रागावलेली आहे, अजूनही. माझ्यावर आणि तुझ्यावर, दोघींवर सारखीच.

ताई

२७ फेब्रुवारी

नकटे,

काल सुनावणी झाली. तू आली नाहीस. तिघांची समिती, मधे चष्मेवाले अध्यक्ष, लांबट टेबल, प्रत्येकापुढे झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. एका कोपऱ्यात माझी साक्षीदार बाई, पूर्ण झालेला स्वेटर घालून.

मी उभी राहिले आणि पत्रात लिहिलं तसंच सांगितलं. फ्रीझर, खोके, खिडकी, खूण. रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. अध्यक्षांनी त्या खुणेवर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ काढलं नाही. बावीस वर्षांच्या खुणा होत्या त्या कपाटात, आणि आता प्रत्येकीवर कुणीतरी असंच बोट ठेवणार. मला तिथून उठून जावंसं वाटलं. गेले नाही.

मग ते म्हणाले, ‘बूट कोणी नेले होते ते विचारायची गरज नाही. त्यांचं पत्र आज सकाळी आलंय.’ आणि त्यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं.

तू लिहिलंस की ट्यूब ताईनं कधीच बदलल्या नाहीत, आणि तसा कागद तिच्याकडून लिहून घ्यायचा प्रयत्न करणं ही तुझ्या नोकरीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे. मी खाली बघितलं. तू लिहिलंस की बूट तू नेले, ते पायात घालतानाच ओले आणि मऊ लागले, फ्रीझरमधून काढलेला बूट कडक असतो हे तुला माहीत होतं, पण नौका ठरलेली होती म्हणून तू गप्प बसलीस. धबधबा निबंधातून का गाळलास तेही लिहिलंस. निबंध मागे घेतेय, प्रयोगशाळेचं प्रमुखपद सोडतेय. हे सगळं ऐकताना मला तुझा फार अभिमान वाटला. वाटलं, हे नाक माझं असतं तर.

आणि मग शेवटचं वाक्य. ‘रजिस्टरातली खूण ताईनं माझ्या सांगण्यावरून केली. तिला दोष देऊ नये.’

मी परत उभी राहिले. म्हटलं, ‘हे एवढं खोटं आहे. बाकी सगळं राहू द्या, हे वाक्य काढा.’

अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, ‘बाई, बसा. तुमची बहीण तुम्हाला वाचवतेय.’

‘तिला कुणी सांगितलं वाचवायला? ती त्या संध्याकाळी इमारतीत नव्हती. रजिस्टर बघा, चार वाजता गेल्याची नोंद आहे. ही नोंद खरी आहे.’

कोपऱ्यातली बाई खुदकन हसली. अध्यक्षांनी पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. माझ्याकडून टाकीच्या खोलीची किल्ली घेतली आहे. सोमवारपासून मी भांडारात, काचसामान मोजायला. तळ्यावर आता बूट गोठवल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू देणार नाहीत, तो नियम माझ्याकडून लिहून घेतलाय, आणि त्यात मी एकही पळवाट ठेवलेली नाही. नावाड्याला मी फोन करून सगळं सांगितलं, आपली दोघींची नावं घेऊन. तो म्हणाला, ‘दगड परत निसरडे होतील का?’ मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

ऐक आता. माझे फ्रॉक तू घातलेस. माझी पुस्तकं, माझी सायकल, माझं दप्तर, सगळं तुला माझ्यामागून मिळालं, आणि मी कधी कुरकुर केली नाही. केली असेल, पण दिलं. ही चूक मिळणार नाही. ती मी केली, माझ्या हातानं, माझ्या पेनानं, आणि ती माझ्याच मापाची आहे. तुझी तू घातली आहेस, तीच घाल.

तुझी,
ताई

आशीर्वाद उरलेत. सगळे तुला.